बाख आणि त्याच्या जुन्या चाली

संगीत नाटकांचीं जुनीं पुस्तकें ज्यांनीं चाळलीं आहेत, त्यांनीं पदाच्या डोक्यावर लहान अक्षरांत छापलेला 'चाल' हा शब्द पाहिला असेलच. त्याच्यापुढें एखाद्या लोकप्रिय पदाचे, लावणीचे किंवा कानडी गीताचे आरंभीचे शब्द असतात, आणि हें नवें पद त्या जुन्या वळणावर म्हणावयाचें, हें गाणारास तेवढ्यानें कळतें. शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची, ही गोष्ट आपल्याकडे इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तींत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु संगीतरचनाकारानें स्वतःच बांधलेली चाल, तीही शब्दाशब्दाचा अर्थ पाहून बांधलेली, पुढें त्यानें स्वतःच दुसऱ्या शब्दांना, दुसऱ्या वाद्यांना आणि अगदीं निराळ्या प्रसंगाला लाविली तर? गेल्या वर्षींचा निबंध वरचें नांव बदलून पुन्हां देणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही वर्गांत काय म्हणतों, हें आमचे विद्यार्थी चांगले जाणतात. आणि तरीही ज्याला जगांतील थोरांत थोर संगीतरचनाकार म्हणतात त्या योहान सेबास्टियन बाखनें आयुष्यभर हेंच केलें. तें कसें केलें, कां केलें, आणि आपण तें निबंध देणाऱ्या विद्यार्थ्याच्या सदरांत घालावें कीं नाहीं, ह्याचा थोडा विचार आम्ही येथें मांडूं इच्छितों.

बाखचा जन्म १६८५ सालीं जर्मनींतील आयझेनाख गांवीं झाला. घराणें पिढ्यान्‌पिढ्या वाजविणारांचें. १७२३ सालीं तो लाइपझिग शहरीं संत थॉमसच्या शाळेंत संगीतशिक्षक म्हणून आला व १७५० सालीं मरेपर्यंत त्याच जागेवर राहिला. म्हणजे हा मनुष्य आमच्याच पेशाचा. शाळेंतील मुलांकडून शहरांतल्या मुख्य उपासनामंदिरांत दर रविवारीं गायन करून घ्यावयाचें, त्यासाठीं नवीं गीतें रचावयाचीं, त्यांच्या प्रती लिहून काढावयाच्या, तालमी घ्यावयाच्या, आणि वर नगरसभेचीं बोलणीं खावयाचीं. लॅटिन शिकविण्याचें कामही ह्याच नोकरींत होतें. तें त्यानें पदरचा पैसा देऊन दुसऱ्या शिक्षकावर सोंपविलें. १७३० सालीं एका बालमित्रास लिहिलेल्या पत्रांत त्यानें अशी तक्रार केली आहे कीं शहराची हवा चांगली असली म्हणजे माणसें कमी मरतात, आणि त्यामुळें प्रेतयात्रेच्या गायनाची मिळकत बुडते! असा हा संसारी, कामानें पिचलेला शिक्षक. उपासनेसाठीं रचलेले त्याचे सुमारें दोनशें कँटाटा आज उपलब्ध आहेत. (कँटाटा म्हणजे समूहगान, एकेरी गीतें आणि गद्यासारखे गाऊन म्हणावयाचे भाग मिळून झालेली, वाद्यांच्या साथीची रचना.) इतकें लिहिणारा मनुष्य जुन्या पेटींत हात घालतो, ह्यांत आश्चर्य तें काय?

परंतु कामाचा बोजा हें एकच कारण असतें, तर त्याच्या जुन्या रचना नव्या ठिकाणीं जशाच्या तशा आढळल्या असत्या. तशा त्या फारच थोड्या ठिकाणीं आढळतात. प्रथम केवळ वाद्यसंगीताचें उदाहरण घेऊं, कारण तेथें शब्दांची भानगड नाहीं.

व्हायोलिन व वाद्यवृंद यांसाठीं बाखनें रचलेले कांहीं कन्चेर्तो प्रसिद्ध आहेत. पुढें लाइपझिगमध्यें तेच त्यानें हार्पसिकॉर्डसाठीं बसविले. हार्पसिकॉर्ड हें वाद्य दिसावयास पियानोसारखें. परंतु पियानोंत लहान हातोडी तारेवर आपटते, तर येथें पक्ष्याच्या पिसाचें टोंक तार छेडतें. स्वर उमटला कीं लगेच विरूं लागतो. तो लांबवितां येत नाहीं, आणि बोटाच्या जोरानें लहानमोठाही करितां येत नाहीं. व्हायोलिनची गोष्ट नेमकी उलट: गज तारेवर फिरत आहे तोंवर स्वर जिवंत असतो. तेव्हां व्हायोलिनचे लांब, ओढलेले सूर बाखनें हार्पसिकॉर्डवर लहान लहान स्वरांच्या वेलबुट्टीनें भरून काढिले. शिवाय व्हायोलिनवादकाचे दोन्ही हात एकाच सुरांत गुंतलेले असतात, पण हार्पसिकॉर्ड वाजविणाराचा डावा हात मोकळा. त्याला त्यानें नवें काम दिलें. आणखी एक साधी अडचण होती. ई मेजर ह्या स्वरमालेंतील कन्चेर्तोंत व्हायोलिन जेवढें वर चढतें, तेवढ्या वरच्या पट्ट्या ह्या वाद्यास नव्हत्या. म्हणून सबंध रचना एक स्वर खालीं, डी मेजरमध्यें, उतरविली. ए मायनरमधील कन्चेर्तो तसाच जी मायनरमध्यें आला, आणि दोन व्हायोलिनांचा डी मायनरमधील कन्चेर्तो दोन हार्पसिकॉर्डांसाठीं सी मायनरमध्यें. आमच्याकडील गवई पेटीवाल्यास पट्टी बदलावयास सांगतो, तसाच हा व्यवहार.

दुसरें उदाहरण अधिक धाडसाचें आहे. एकट्या व्हायोलिनसाठीं, कोणत्याही साथीवांचून वाजवावयाच्या सहा रचना बाखनें १७२० सालीं स्वहस्तें सुवाच्य लिहून ठेविल्या. त्यांपैकीं शेवटच्या रचनेचा आरंभीचा भाग म्हणजे एका गजाची, एका दमांत धांवणारी स्वरांची धार होय. ऐकतांना वाटावें कीं ह्यांत आणखी कांहीं मिळविण्यास जागाच नाहीं. १७३१ सालीं लाइपझिगच्या नव्या नगरसभेच्या स्थापनेप्रीत्यर्थ उपासना झाली, तेव्हां बाखनें हीच धार ऑर्गन वाजविणाराच्या उजव्या हातीं दिली, आणि तिच्याभोंवतीं तारवाद्यें, ओबो, तीन ट्रंपेट व नगारे उभे केले. चार तारांच्या वाद्यानें एका खोलींत म्हटलेली गोष्ट आतां सबंध मंदिर म्हणूं लागलें. मूळ धारेंतील स्वर बहुतेक तेच आहेत. मात्र पूर्वीं ऐकणारास ज्या साथीची केवळ कल्पना करावी लागे, ती आतां प्रत्यक्ष ऐकूं येते.

येथवर कोणाची तक्रार नसावी. खरा प्रश्न शब्दांपाशीं उभा राहतो.

१७३३ सालच्या सप्टेंबरच्या ५ तारखेस सॅक्सनीच्या राजपुत्राचा अकरावा वाढदिवस होता. बाख त्या वेळीं शाळेबाहेर विद्यापीठांतील तरुणांच्या एका वादकमंडळाचाही चालक होता. झिमरमान नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहाच्या बागेंत ह्या मंडळानें वाढदिवसानिमित्त एक संगीत कथानक सादर केलें. विषय ग्रीक पुराणांतला. तरुण हर्क्युलिस दोन वाटांच्या फांट्यावर उभा आहे. एका बाजूस विलास त्याला बोलावतो, दुसऱ्या बाजूस सद्गुण. पुढें ८ डिसेंबर रोजीं ह्याच राजपुत्राच्या आईचा, म्हणजे राणी मारिया योझेफा हिचा, वाढदिवस आला. त्यासाठीं दुसरा कँटाटा झाला, व त्यांत प्राचीन देवता येऊन राणीची स्तुति करितात. दोन्ही रचना उत्कृष्ट, परंतु दोहोंचें आयुष्य एका संध्याकाळचें. जिच्या शब्दांत राणीचें नांव गुंफलेलें आहे ती रचना दुसऱ्या दिवशीं कोठें आणि कशी गावी?

पुढच्या वर्षीं, १७३४ च्या नाताळांत, बाखनें 'ख्रिस्तजन्माचा ओरॅटोरिओ' सिद्ध केला. ह्याचे सहा भाग असून ते नाताळच्या दिवसापासून ६ जानेवारी १७३५ पर्यंत सहा निरनिराळ्या दिवशीं गाइले गेले. शुभवर्तमानांतील कथा सांगणारे गद्यगानाचे भाग त्यानें नवे लिहिले, आणि मंडळीच्या परिचयाच्या भजनांची स्वरयोजनाही नव्यानें केली. परंतु मोठीं समूहगानें व एकेरी गीतें पाहावीं तों बहुतेक त्या दोन वाढदिवसांचीं! एकेरी गीतांत अगदीं नवें असें एकच आहे. मरीया ह्या सर्व गोष्टी आपल्या मनांत ठेवते, त्या प्रसंगाचें.

राणीच्या कँटाट्याचे पहिले शब्द नगाऱ्यांना व ट्रंपेटांना वाजण्याची आज्ञा करितात. म्हणून बाखनें आरंभीं एकटे नगारे वाजविले, मग इतर वाद्यें, मग ट्रंपेट. ओरॅटोरिओच्या आरंभींही तसेंच एकटे नगारे वाजतात. परंतु नव्या शब्दांत नगाऱ्यांचा उल्लेखच नाहीं, तेथें लोकांना हर्ष करण्याचें आवाहन आहे. कारण गेलें, कार्य राहिलें. ह्यावर कोणी नाक मुरडलें तर आमचें त्यांच्याशीं भांडण नाहीं, पण आम्हांस स्वतःला तें खटकत नाहीं. ज्यांच्या कानांवर देवळाच्या नगारखान्यांतील चौघडा लहानपणापासून पडला आहे, त्यांना उत्सवाच्या आरंभीं नगारा कां, हें कोणी शब्दांत सांगावें लागत नाहीं. ह्या ओरॅटोरिओची बाखच्या हातची प्रत बर्लिनच्या सरकारी ग्रंथसंग्रहालयांत आहे. तींत ह्या ठिकाणीं त्यानें संवयीनें आधीं जुनेच शब्द लिहिले व मग ते खोडून नवे घातले असल्याचें दिसतें.

राणीच्या स्तुतीचें आणखी एक गीत पाहा. मुकुट धारण करणाऱ्या स्त्रियांचें भूषण म्हणून कीर्तिदेवता तिला गौरविते, आणि सोबत ट्रंपेट दिमाखानें वाजतो. तेंच गीत, तोच ट्रंपेट, ओरॅटोरिओंत बाळ येशूकडे वळला आहे. नवे शब्द म्हणतात कीं हा थोर राजा पृथ्वीवरच्या ऐश्वर्याला किती थोडी किंमत देतो, आणि ज्यानें सगळें जग सांभाळावें त्याला कठीण गव्हाणींत निजावें लागतें. येथें जुनी चाल नव्या शब्दांना चिकटलेली नसून त्यांच्याशीं बोलत आहे, असें आम्हांस वाटतें. राजदरबारचा ट्रंपेट गव्हाणीपुढें वाजल्यावांचून त्या शब्दांतला विरोध ऐकणाराच्या मनावर इतका ठसता ना.

सर्वांत नाजूक जागा अंगाईगीताची. हर्क्युलिसच्या कथेंत विलास त्या तरुणाला मोहांत पाडण्यासाठीं निजवूं पाहतो: नीज, विसावा घे, मनांतल्या इच्छांचा आस्वाद घे. हें गीत बाखनें उंच स्त्रीस्वरासाठीं लिहिलें होतें. ओरॅटोरिओंत तेंच गीत खालच्या स्वरांत उतरून बाळ येशूला निजविण्याचें झालें आहे, आणि गाणाराच्या सुराबरोबर एक बांसरी वरच्या सप्तकांत हलकेंच चालते. वाचकांपैकीं पालकांस येथें साहजिक शंका येईल. जी चाल एका तरुणाला सन्मार्गावरून ढळविण्यास योजली, ती प्रभूच्या पाळण्यापाशीं कशी गावी? उलट बाजूनें असेंही विचारितां येईल, कीं ती चाल मुळांतच इतकी निर्मळ असेल तर विलासाच्या तोंडीं ती शोभली तरी कशी?

बाखचा चरित्रकार फिलिप स्पिट्टा यानें १८७३ ते १८८० ह्या काळांत प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथांत ह्याचें उत्तर दिलें आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं बाखची संगीताची वाणी मूळचीच उपासनेची; दरबारासाठीं लिहितांनाही तो तीच वाणी बोले, आणि त्या रचना मंदिरांत नेतांना तो त्यांना स्वगृहींच परत नेत होता. भक्तिभावानें केलेला हा युक्तिवाद आम्हांस पूर्ण पटत नाहीं. बाखच्या काळीं दरबारचें संगीत आणि मंदिराचें संगीत अशा दोन भाषाच नव्हत्या. आनंद, शोक, विनवणी, विसावा हे भाव व्यक्त करण्याच्या रीति दोन्हीकडे एकच. निजविणारी चाल निजविते. कोणाला आणि कशासाठीं, हें शब्द सांगतात. विलास त्या तरुणाला फसवूं शकतो तो अशासाठींच, कीं त्याची अंगाई खऱ्या अंगाईहून निराळी ऐकूं येत नाहीं! मात्र एक गोष्ट अभ्यासकांनीं लक्षांत आणून दिली आहे ती स्पिट्टाच्या बाजूची आहे: बाखनें लौकिक गीतें उपासनेकडे पुष्कळ नेलीं, पण उपासनेसाठीं रचलेलें गीत उलट दरबाराकडे नेल्याचें उदाहरण जवळजवळ सांपडत नाहीं.

ह्याच ओरॅटोरिओंतील पहिल्या भजनाची चाल तर बाखचीही नव्हे. ती हान्स लेओ हास्लर यानें १६०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रेमगीताची आहे. पुढें तिच्यावर ख्रिस्ताच्या जखमी मस्तकास उद्देशून पाउल गेरहार्टनें रचलेलें शोकभजन गाऊं लागले, आणि आज सर्व जग तिला वधस्तंभाची चाल म्हणूनच ओळखतें. बाखनें ती नाताळच्या पहिल्या दिवशीं घातली, आणि सहाव्या भागाच्या अगदीं शेवटीं ट्रंपेट-नगाऱ्यांच्या गजरांत पुन्हां घातली. प्रियकराची व्यथा, प्रभूचें दुःखसहन आणि विजयोत्सव, तिन्ही एकाच चालीवर.

सर्वच जुळण्या इतक्या चांगल्या साधल्या असें मात्र नव्हे. हर्क्युलिस आपल्या मनांतले प्रश्न प्रतिध्वनीला विचारतो, आणि प्रतिध्वनि त्याला 'नाहीं' किंवा 'होय' असें उत्तर देतो. डोंगरांत हिंडणाऱ्या पुराणकथेंतील तरुणाला हें शोभतें. ओरॅटोरिओच्या चौथ्या भागांत विश्वासी आत्मा येशूला प्रश्न विचारतो आणि तोच प्रतिध्वनि उत्तरें देतो. गीत मधुर आहे, परंतु तेथें आम्हांस मूळ प्रसंगाचा सांगाडा थोडा बाहेर आलेला दिसतो.

आतां आम्हांस सर्वांत थोर वाटणाऱ्या उदाहरणाकडे येतों. १७१४ सालीं, वायमार येथें नोकरीस असतांना, बाखनें एक कँटाटा लिहिला. त्यांतील समूहगानाचे शब्द रडणें, विलाप, चिंता आणि भय यांचे आहेत. खालच्या वाद्यांत चार मात्राखंडांची एक लहानशी स्वरपंक्ति आहे. ती अर्ध्याअर्ध्या स्वरानें, एकेक पायरी चांचपावी तशी, खालीं उतरते. पोंचली कीं पुन्हां वरून सुरू. अशी ती बारा वेळां येते, आणि तिच्यावर चार आवाज एकामागून एक आपला विलाप मांडतात. सुमारें ३५ वर्षांनीं, आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत, बाख आपला बी मायनरमधील मोठा मिस्सा पूर्ण करीत होता. मतांगीकारांतील 'वधस्तंभीं खिळिला गेला' ह्या शब्दांपाशीं तो आला, आणि त्यानें हें तरुणपणचें समूहगान उचललें.

त्यानें त्यांत काय काय बदललें तें पाहण्यासारखें आहे. जुन्या रचनेंत खालचे स्वर लांब ओढलेले होते. आतां प्रत्येक स्वर तुटक, पुन्हां पुन्हां आघात केल्यासारखा वाजतो. बांसऱ्या नव्यानें घातल्या. आवाज सुरू होण्यापूर्वीं ती स्वरपंक्ति एकदां नुसत्या वाद्यांवर वाजते, म्हणून एकूण संख्या तेरा झाली. मूळ रचनेचा मधला, किंचित् उजळ भाग त्यानें गाळून टाकिला. आणि शेवट तर सर्वस्वीं नवा: 'पुरला गेला' ह्या शब्दांवर वरचीं वाद्यें गप्प होतात, आवाज खालीं खालीं जातात, बारा वेळां हट्टानें परत आपल्या जागीं आलेली ती पंक्ति तेराव्या खेपेस वाट बदलते, आणि गाणें कोणास अपेक्षा नसलेल्या एका मेजर स्वरसंगतीवर अगदीं हळू थांबतें. लगेच पुढच्या क्षणीं ट्रंपेट व नगारे यांसह पुनरुत्थानाचें समूहगान उसळतें. तरुणपणीं ज्या चालीनें त्यानें मनुष्याचें दुःख सांगितलें होतें, तिनेंच आतां ख्रिस्ताचें मरण सांगितलें. पहिल्या रचनेंत हा शेवट नव्हता, आणि तो तेथें असण्याचें कारणही नव्हतें.

ह्याच मिस्स्यांत वर सांगितलेल्या १७३१ सालच्या नगरसभेच्या कँटाट्यांतलें समूहगानही आहे. तेथें त्याचे शब्द ७५ व्या स्तोत्राचे, ईश्वराचे आभार मानणारे, जर्मन भाषेंत. १७३३ सालीं बाखनें मिस्स्याचा पहिला भाग ड्रेस्डेनच्या राजदरबारास अर्पण केला, तेव्हां हेंच समूहगान आभाराच्याच लॅटिन शब्दांना लाविलें. अर्थ एकच असल्यानें अडचण आली नाहीं. परंतु सबंध मिस्स्याच्या अखेरीस, जेथें 'आम्हांस शांति दे' एवढी तीन शब्दांची लॅटिन प्रार्थना आहे, तेथें त्यानें पुन्हां तेंच संगीत ठेविलें. त्या संगीतांत दोन निरनिराळे विषय आहेत, कारण मूळ वाक्यास दोन अंगें होतीं. आणि नव्या प्रार्थनेंत शब्द तर तीनच. तेव्हां त्यानें पहिल्या विषयावर ते सरळ क्रमानें घातले आणि दुसऱ्यावर 'शांति' हा शब्द पुढें आणून तेच फिरवून घातले. कांहीं टीकाकार ह्यास थकलेल्या वृद्धाची घाई म्हणतात. त्या दिवसांत बाखची दृष्टि अधू होत चालली होती हें खरें. १७५० च्या वसंतांत त्याच्या डोळ्यांवर दोनदां शस्त्रक्रिया झाली, आणि २८ जुलै रोजीं तो वारला. परंतु घाईंत असलेला मनुष्य वधस्तंभाच्या गीताचा शेवट तशा रीतीनें नव्यानें लिहीत बसत नाहीं. आमच्या मतें त्याला शांतीची याचना आभाराच्याच सुरांत करावयाची होती. खालच्या पुरुषस्वरांतून ती सुरू होते, एकेक आवाज तिच्यावर चढत जातो, आणि अगदीं शेवटीं शेवटीं ट्रंपेट त्या सर्वांच्या वर निघतो.